ओपन डी ट्यूनिंगवर जुनी पॉप गाणी कशी बसवायची

गिटार नवीन असते तेव्हा बहुतेकांचं घोडं डाव्या हातापाशी अडतं. गाणं डोक्यात पक्कं असतं, उजवा हात ठेकाही धरतो, पण कॉर्ड (एकदम वाजणारा तीन-चार स्वरांचा गट) बदलायची वेळ आली की सगळं थांबतं. बोटं जागा शोधत बसतात, दोन तारा मुक्या राहतात, आणि पुढची ओळ निघून जाते. बोटांना वळण लागायला महिने जातात आणि तोवर गाण्यासारखं काही कानावर पडतच नाही. कित्येक जण गिटार सोडतात ते याच टप्प्यावर.

ओपन ट्यूनिंगमध्ये हा क्रम उलटा करता येतो. तारा अशा लावायच्या की एकही बोट न ठेवता गिटार छेडली तरी पूर्ण मेजर कॉर्ड वाजली पाहिजे. डाव्या हाताचा भार उतरला की लक्ष दोन गोष्टींकडे देता येतं: ठेका, आणि कॉर्ड नेमकी कुठे बदलते ते ऐकणं. १९५० ते १९७०च्या दशकांतली कितीतरी गाजलेली पॉप गाणी तीन-चार कॉर्ड्सवर उभी आहेत. त्यांच्यासाठी ही पद्धत फार सोयीची आहे. अट एकच. कॉर्डचं नुसतं नाव पाठ करू नका, ती गाण्याच्या ‘सा’पासून कितव्या स्वरावर उभी आहे ते ओळखायला शिका. ते जमलं की पुढची सगळी गाणी त्याच चार-पाच जागांवर सापडत जातात.

कोणतं ट्यूनिंग घ्यायचं

ओपन ट्यूनिंग्ज बरीच आहेत, पण सुरुवात ओपन डीवर करा, असं माझं स्पष्ट मत आहे. जाड सहाव्या तारेपासून बारीक पहिल्या तारेपर्यंत स्वर असे येतात: डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. डीला सा धरलं, म्हणजे पांढरी दोन, तर त्याच तारा होतात सा, प, सा, ग, प, सा. तानपुऱ्यात प, सा, सा, सा असतं. इथे त्यात गंधाराची स्वतंत्र तार येऊन बसली आहे, आणि त्या एका तारेमुळेच कॉर्ड मेजर ठरते.

ओपन ई म्हणजे हेच सगळं एक स्वर वर. ते टाळा. त्यासाठी तीन तारा चढवाव्या लागतात, आणि दोन फ्रेटच्या अंतराने (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी; दोन फ्रेट म्हणजे एक पूर्ण स्वर) तार चढवली की तिच्यावरचा ताण सुमारे २६ टक्क्यांनी वाढतो. जुन्या तारा तुटतात, आणि हलक्या बांधणीच्या किंवा बारा तारांच्या गिटारीच्या घोडीवर नको तेवढा जोर येतो. ओपन डी करून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावला की ओपन ई आपोआप मिळतं. कॅनेडियन गायिका जोनी मिचेलचं १९७० सालचं ‘बिग यलो टॅक्सी’ ओपन ईमध्ये आहे. ते वाजवायला ओपन डी आणि कॅपो एवढं पुरतं.

ओपन जीबद्दल शेवटी बोलू.

तारा उतरवणं

गिटार आधी नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये नीट लावून घ्या. ट्यूनर वापरत असाल तर तो क्रोमॅटिकवर, म्हणजे बाराही स्वर ओळखणाऱ्या सेटिंगवर ठेवा. गिटारच्या ठरावीक सेटिंगवर असला तर तो तुम्हाला पुन्हा ई, ए, डी, जी, बी, ई याच स्वरांकडे ओढत राहील. एफ शार्पच्या जागी काही ट्यूनर जी फ्लॅट दाखवतात, स्वर तोच.

ट्यूनर असला तरी पहिल्या वेळी कानाने लावून बघा. पाचवी आणि चौथी तार जशाच्या तशा राहतात, म्हणजे ए आणि डी हे दोन पक्के आधार हाताशी असतात. चौथी तार मोकळी वाजवत राहा आणि सहावी हळूहळू उतरवा; ती चौथीचा बरोबर खर्ज झाली की थांबा. मग चौथी तार बाराव्या फ्रेटवर दाबा आणि पहिली तार उतरवत त्या स्वराला मिळवा. पाचवी तार बाराव्या फ्रेटवर दाबून दुसरी तिला मिळवा. शेवटी चौथी तार चौथ्या फ्रेटवर दाबा आणि तिसरी त्या स्वरावर आणा. तिसरी फक्त एक फ्रेट उतरते. सहावी, दुसरी आणि पहिली दोन-दोन फ्रेट उतरतात.

उतरवताना एक सवय आजच लावून घ्या. तार स्वरापेक्षा जरा जास्त खाली न्या आणि मग चढवत स्वरावर आणा. वरून खाली येऊन थांबलात तर खुंटीच्या दात्यांत सैलपणा राहतो, आणि चार स्ट्रोक्सनंतर तार आणखी उतरलेली असते. खुंटी फिरवताना ‘टक’ असा आवाज येऊन स्वर एकदम उडी मारत असेल तर तार नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला असलेल्या खाचांच्या पट्टीच्या, खाचेत अडकते आहे. तार बाजूला काढून खाचेत शिसपेन्सिलीचं टोक चार वेळा फिरवा. ग्रॅफाइटने तार मोकळी सरकते.

सगळ्या तारा झाल्या की पुन्हा पहिल्यापासून तपासा. हे टाळू नका. चार तारा सैल झाल्यामुळे मानेवरचा एकूण ताण कमी होतो, मान किंचित मागे जाते आणि ज्या तारांना हात लावला नव्हता त्याही थोड्या चढतात. दोन फेऱ्या तरी लागतातच. नायलॉनच्या तारा असतील तर आणखी एखादी, कारण त्या बसायला वेळ घेतात.

तपासायची सोपी खूण म्हणजे ७-५-४-३-५. सहावी तार सातव्या फ्रेटवर दाबली की मोकळ्या पाचवीशी जुळली पाहिजे, पाचवी पाचव्यावर चौथीशी, चौथी चौथ्यावर तिसरीशी, तिसरी तिसऱ्यावर दुसरीशी आणि दुसरी पाचव्यावर पहिलीशी. एवढे आकडे लक्षात ठेवले की ट्यूनर नसतानाही अडत नाही.

आता सहाही तारा एकदम छेडा आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत ऐका. ज्यांचा कान गाण्यात तयार झालेला आहे त्यांना इथे काहीतरी खटकेल: तिसऱ्या तारेचा गंधार चढा वाटेल. कान बरोबर सांगतो आहे. ट्यूनर जो गंधार दाखवतो तो समान अंतरांच्या सप्तकातला असतो, आणि तानपुऱ्यात आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा तो जवळजवळ १४ सेंट वर असतो. एका फ्रेटचे १०० सेंट धरले तर हा फरक लक्षात येण्याजोगा आहे. म्हणून काही वादक ती तार किंचित उतरवतात. मोकळी कॉर्ड त्याने फार गोड होते. पण पुढे जी कॉर्डचा मूळ स्वर याच तारेच्या पहिल्या फ्रेटवर येणार आहे आणि तार उतरवली तर तो कमी पडेल. नवशिक्याने ट्यूनर सांगतो तिथेच थांबावं.

तारांविषयी थोडं. दोन फ्रेट उतरवलेल्या तारेचा ताण सुमारे २० टक्क्यांनी कमी होतो. पहिली तार ०.०१० इंचाची असलेला हलका संच अशा वेळी लोंबकळल्यासारखा होतो आणि सहावी तार फ्रेट्सवर खडखडते. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारला ०.०१२चा संच योग्य. तो लगेच बदलता येत नसेल तर उजव्या हाताचा जोर कमी करा, खडखड बरीच कमी होते.

आधी उजवा हात

डावा हात मांडीवर ठेवा. मोकळ्या कॉर्डवर चार मात्रांचा ठेका धरायचा आहे. अंगठ्याने पहिल्या मात्रेला सहावी तार, तिसऱ्या मात्रेला चौथी तार. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला बोटांनी किंवा पिकने वरच्या तीन बारीक तारा खालच्या दिशेने. बास.

मेट्रोनोम ७०वर (मिनिटाला ७० ठोके) लावून हे इतका वेळ करा की सोबत कुणाशी बोलता आलं पाहिजे. मग बोलण्याच्या जागी गाण्याची चाल गुणगुणा. गाताना अंगठा अडखळला तर ठेका अजून हातात मुरलेला नाही, आणि डावा हात आणायची घाई करू नये. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये हा सराव कंटाळवाणा होतो, कारण मोकळ्या तारा बेसूर वाजतात. इथे प्रत्येक स्ट्रोक सुरात असतो, म्हणून माणूस टिकतो. ओपन ट्यूनिंगचा हाच मला सर्वांत मोठा फायदा वाटतो.

एका बोटाच्या कॉर्ड्स

तर्जनी सपाट धरून पाचव्या फ्रेटवर सहाही तारा दाबा. ही जी कॉर्ड, म्हणजे ‘म’वरची कॉर्ड. तेच बोट सातव्या फ्रेटवर नेलं की ‘प’वरची, ए कॉर्ड. बाराव्यावर पुन्हा डी. सा, म आणि प या तीन कॉर्ड्सवर चालणारी गाणी ढिगाने आहेत. रिची व्हॅलन्सचं १९५८ सालचं ‘ला बांबा’ हे त्यातलं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण.

सहा तारा एका बोटाने स्वच्छ दाबणं लगेच जमत नाही. बोट अगदी फ्रेटच्या धातूच्या पट्टीला लागून ठेवा आणि किंचित बाहेरच्या कडेवर वळवा. बोटाचा तो भाग हाडाळ असतो. तरीही दुखत असेल तर फक्त वरच्या चार तारा दाबा आणि जाड दोन सोडून द्या. अमेरिकन गायक-गिटारवादक रिची हेव्हन्स ओपन ट्यूनिंगमध्ये अंगठा मानेवरून पुढे आणून तारा दाबत असे, आणि १९६९च्या वुडस्टॉक महोत्सवाची सुरुवात त्याच्याच वादनाने झाली. हाताची ठेवण पुस्तकाप्रमाणे नसली तरी बिघडत नाही.

या पद्धतीला एक मर्यादा आहे आणि ती पहिल्याच दिवशी समजून घ्यायला हवी. आडवं बोट कुठेही ठेवा, कॉर्ड मेजरच वाजणार. गाण्यात बी मायनर (मायनर म्हणजे मूळ स्वरापासून कोमल गंधार असलेली कॉर्ड) असेल आणि तुम्ही नवव्या फ्रेटवर बोट आडवं केलंत तर बी मेजर वाजेल. त्यातला डी शार्प म्हणजे कोमल रिषभ, आणि तो गाण्याच्या चालीला सरळ जाऊन भिडतो. नवशिक्यांचं गाणं ‘कुठेतरी चुकतंय’ असं वाटतं ते बहुतेक वेळा याच जागी. मायनरसाठी वेगळ्या जागा लागतात, आणि सुदैवाने ओपन डीमध्ये त्या फार सोप्या आहेत.

दोन फ्रेट्समधल्या चार कॉर्ड्स

खालचे आकडे सहाव्या तारेपासून पहिल्या तारेकडे वाचायचे. शून्य म्हणजे तार मोकळी, × म्हणजे ती वाजवायची नाही.

डी: ० ० ० ० ० ०
बी मायनर: × २ ० ० २ ०
जी: ० २ ० १ २ ०
ए सेव्हन: × ० २ १ ० २

बोटं नीट निवडा, सगळी गंमत तिथेच आहे. बी मायनरसाठी पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर मधलं बोट आणि दुसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर अनामिका ठेवा. तर्जनी मोकळी राहू द्या. आता काहीही न उचलता तर्जनी तिसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर टेकवा: जी झाली.

इथे काय घडलं ते स्वरांत बघा. डी कॉर्डमध्ये सा, ग, प आहेत. बी मायनरमध्ये सा आणि ग तसेच राहतात, फक्त प जाऊन ध येतो, आणि तुम्ही ठेवलेली दोन्ही बोटं नेमकी पंचमाच्या दोन तारांना ध करत आहेत. पुढे तर्जनी टेकवली तेव्हा ग सरकून म झाला: म, ध, सा, म्हणजे जी कॉर्ड. प्रत्येक बदलात एकच स्वर हलतो आणि त्याच्यासाठीच बोट हलतं. हे दहा वेळा सावकाश करा, तिसऱ्या तारेवर कान ठेवून. एकदा का तो ‘ग’वरून ‘म’वर जाणारा आवाज ओळखीचा झाला, की रेकॉर्डवरच्या गाण्यातही तो ऐकू येऊ लागतो.

आता जीवरून ए सेव्हन. तर्जनी जागची हलत नाही. मधलं बोट पाचव्या तारेवरून चौथीवर आणि अनामिका दुसरीवरून पहिलीवर, दोन्ही दुसऱ्याच फ्रेटवर. या कॉर्डमध्ये तिचा स्वतःचा गंधार नाही, त्यामुळे ती जरा मोकळी, अधांतरी वाटते. गाण्याच्या ओघात ते चालून जातं. जिथे प कॉर्ड ठसठशीत हवी तिथे सरळ सातव्या फ्रेटवरची आडव्या बोटाची घ्या.

अंगठ्याच्या तारा: डी आणि जीमध्ये सहावी आणि चौथी, बी मायनर आणि ए सेव्हनमध्ये पाचवी आणि चौथी. तिसऱ्या मात्रेला चौथीच येते, ती बदलतच नाही. बी मायनर आणि ए सेव्हनमध्ये सहावी तार चुकून वाजणार असेल तर डाव्या हाताचा अंगठा मानेवरून हलकेच तिला लावून ठेवा.

पहिलं गाणं

बेन ई. किंगचं १९६१ सालचं ‘स्टँड बाय मी’ घ्या. ते निवडण्याचं कारण असं की आठ मापांचा एकच साचा त्यात सुरुवातीपासून अखेरपर्यंत फिरत राहतो, आणि त्या साच्यात आपल्या चारही कॉर्ड्स आहेत. डीच्या पट्टीत तो असा: डी दोन मापं, बी मायनर दोन मापं, जी एक, ए सेव्हन एक, आणि पुन्हा डी दोन मापं. एक माप चार मात्रांचं, म्हणजे पूर्ण आवर्तन ३२ मात्रांचं. समेवर येण्याची सवय असलेल्यांना हे पटकन अंगवळणी पडतं.

पहिल्या बैठकीत गाणं म्हणूच नका. फक्त आवर्तन धरा, मेट्रोनोम ७०वर. बदल अवघड जातो तो बहुधा सहाव्या मापाशी, जिथे दोन बोटं एकदम सरकतात आणि पुढच्या मापाला लगेच डी येते. त्या जागेसाठी एक युक्ती: पाचव्या मापाच्या चौथ्या मात्रेला कॉर्ड सोडून द्या, मोकळ्या तारा वाजू द्या आणि त्या मात्रेत बोटं हलवा. मोकळ्या तारा म्हणजे डी कॉर्डच, त्यामुळे ती मात्रा कानाला बोचत नाही. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये ही सवलत मिळत नाही. पुढे बोटं चपळ झाली की ती मात्रा आपोआप भरून निघते.

आवर्तन न थांबता चार-पाच वेळा फिरलं की गुणगुणा, मग शब्द घ्या. गाताना ठेका गेला तर गाणं थांबवा, ठेका थांबवू नका. उजवा हात चालू राहिला पाहिजे, चूक झालेली कॉर्ड गेली तर जाऊ द्या. मूळ रेकॉर्डची लय १२०च्या आसपास आहे; ७०वरून पाच-पाचने वर चढत जा.

पट्टी आणि कॅपो

मूळ गाणं ए मेजरमध्ये, म्हणजे पांढरी सहामध्ये आहे. रेकॉर्डबरोबर वाजवायचं तर कॅपो सातव्या फ्रेटवर लावावा लागेल. तिथे गिटारचा आवाज बारीक होतो आणि बोटांना जागा अपुरी पडते. स्वतः गाणार असाल तर रेकॉर्डची पट्टी पाळायचं काही कारण नाही. मोकळ्या डीत गाऊन बघा. चाल गळ्याला फार खाली जात असेल तर कॅपो दुसऱ्यावर लावून पांढरी तीन, तिसऱ्यावर पांढरी चार, पाचव्यावर पांढरी पाच. आपला गळा जिथे बसतो ती पट्टी.

कॅपो लावल्यावर ट्यूनिंग पुन्हा तपासा. सैल तारा कॅपोच्या दाबाने नेहमीपेक्षा जास्त ताणल्या जातात आणि स्वर चढतो. कॅपो फ्रेटच्या पट्टीला लागून, सरळ रेषेत लावा.

पुढचं गाणं स्वतः बसवणं

तयार मिळणाऱ्या कॉर्ड-पत्रकांत बोटांच्या आकृत्या असतात. त्या नेहमीच्या ट्यूनिंगच्या असतात, तुम्हाला निरुपयोगी. नावं मात्र उपयोगी आहेत. पत्रक हातात आलं की आधी सगळी नावं स्वरांत बदलून घ्या. बीटल्सच्या १९७० सालच्या ‘लेट इट बी’चा पहिला भाग सी, जी, ए मायनर, एफ असा सुरू होतो. सी हा सा धरला तर ते होतं सा, प, ध, म. आपल्या डीमध्ये: डी, ए सेव्हन, बी मायनर, जी. ‘स्टँड बाय मी’च्याच चार कॉर्ड्स, फक्त क्रम वेगळा. मूळ पट्टी आपल्यापेक्षा एक स्वर खाली असल्याने हे रेकॉर्डबरोबर जुळणार नाही. तारा आणखी उतरवण्याच्या फंदात पडू नका, एकट्याने गा.

पत्रक नसेल तर कानाने काढा. आधी गाण्याचा सा शोधा. बहुतेक जुनी पॉप गाणी ज्या स्वरावर विसावतात तो सा असतो. कॅपो तिथे लावा. मग बेस गिटारकडे लक्ष द्या आणि कॉर्ड बदलते तिथे बेसचा स्वर तोंडाने धरा. तो सहाव्या तारेवर शोधा, कॅपोपासून फ्रेट मोजत: रे दुसऱ्यावर, ग चौथ्यावर, म पाचव्यावर, प सातव्यावर, ध नवव्यावर. बेस म किंवा प असेल तर मेजर, ध असेल तर बहुतेक बी मायनर. रेवर असेल तर ई मायनर सेव्हन घ्या: × × २ १ २ ०. जी पकडलेली असताना फक्त मधलं बोट पाचव्या तारेवरून चौथीवर सरकवलं की ती होते. गवर असेल तर एफ शार्प मायनर: × ४ ४ ० ० ×. आणि बेस दहाव्या फ्रेटवर, म्हणजे कोमल निषादावर सापडला तर तिथेच बोट आडवं ठेवा. रॉककडे झुकणाऱ्या गाण्यांत ही मेजर कॉर्ड वरचेवर येते.

कधीकधी बेसचा स्वर फसवतो, कारण तो कॉर्डचा मूळ स्वर असेलच असं नाही. शंका आली की दोन्ही शक्यता रेकॉर्डबरोबर वाजवून बघा. चुकीची कॉर्ड एका मापात उघडी पडते.

सगळीच गाणी इथे बसत नाहीत आणि बसवण्याचा हट्टही धरू नये. मधेच पट्टी बदलणारी, मायनरमध्येच राहणारी, किंवा प्रत्येक मात्रेला नवी कॉर्ड घेणारी गाणी नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये जास्त बरी. सुरुवातीला निवडताना एवढंच पाहा: चारपेक्षा जास्त कॉर्ड्स नसाव्यात आणि एक कॉर्ड किमान एक माप टिकावी.

चालही वाजवा

गाण्याची चाल पहिल्या तारेवर काढणं हा या ट्यूनिंगचा आणखी एक आनंद आहे. मोकळी तार सा. मग २, ४, ५, ७, ९, ११, १२ या फ्रेट्सवर रे, ग, म, प, ध, नि, सां. एकाच तारेवर पेटीसारखी सरळ मांडणी. अंगठ्याने सहावी आणि चौथी तार चालू ठेवा आणि वर एका बोटाने चाल काढा. मुखडा आधी सरगमीत म्हणून घेतला तर पाचेक मिनिटांत सापडतो. चाल साच्या खाली जात असेल तर तेवढ्यापुरते दुसऱ्या तारेवर या: तिथे मोकळा प, दुसऱ्या फ्रेटवर ध, चौथ्यावर नि.

ओपन जी, थोडक्यात

ओपन डीमध्ये दहा-बारा गाणी झाली की ओपन जी करून बघा: डी, जी, डी, जी, बी, डी. सहावी, पाचवी आणि पहिली दोन-दोन फ्रेट खाली, मधल्या तिन्ही तशाच. इथे सा पाचव्या तारेवर आहे, सहावीवर खालचा प. रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने तर सहावी तार काढूनच टाकली आणि पाच तारांवर वाजवलं. १९६९चं ‘हॉंकी टॉंक विमेन’ आणि १९८१चं ‘स्टार्ट मी अप’ याच ट्यूनिंगमधली. त्या आवाजाचं मूळ एका छोट्या हालचालीत आहे: मोकळी जी कॉर्ड, आणि तिच्यावर × ० २ ० १ ० हा आकार टेकवून उचलणं. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये हाच आकार ए मायनर सेव्हनचा असतो. इथे तो ‘म’च्या कॉर्डचा झटका देतो. आडव्या बोटाच्या वर तोच आकार धरता आला की तो कुठल्याही फ्रेटवर नेता येतो, पण त्याला हाताची ताकद लागते.

जोनी मिचेलला लहानपणी पोलिओ झाला होता आणि डावा हात अशक्त राहिला. तिने डझनावारी ट्यूनिंग्ज वापरली, काही स्वतःच तयार केली. ज्यांची बोटं आखूड आहेत किंवा हाताला त्रास आहे त्यांनी तिची गाणी जरूर ऐकावीत, डाव्या हाताची किती थोडी हालचाल किती दूर जाते ते कळण्यासाठी.

परत नेहमीच्या ट्यूनिंगवर

रोज ट्यूनिंग बदलत बसू नका. वारंवार चढ-उतार केल्याने तारा लवकर थकतात, आणि स्वर स्थिर व्हायला वेळ मिळत नाही. आठवडाभर गिटार ओपन डीमध्येच राहू द्या. तारा सैल असल्याने तिला काही होत नाही. परत न्यायची तेव्हा आधी तिसरी एक फ्रेट चढवा, मग दुसरी, मग सहावी, आणि पहिली सर्वांत शेवटी. ती सर्वांत बारीक, तुटली तर हीच तुटते. चढवताना चेहरा तारेच्या रेषेत ठेवू नका, खुंटी हळू फिरवा, आणि झाल्यावर पाचवी आणि चौथी पुन्हा एकदा तपासा, कारण आता ताण वाढल्याने त्या किंचित उतरलेल्या असतील.